कौसल्या कुठे उतरली?

माझ्या मावसाजींइतकी माणसं अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी ओळखत नसेल, आणि त्यातली निम्मी तरी माणसं कधी जन्मालाच आलेली नाहीत. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. राळेगावच्या स्टँडवर त्यांनी कंट्रोलर म्हणून उभी हयात काढली. गाडी आली की लिहायची, सुटली की लिहायची, आणि पुढच्या स्टँडला ती पोचल्याचं कळेपर्यंत मनातून उतरू द्यायची नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. मावसाजी कादंबऱ्या वाचायला लागले, आणि त्याही एकाच लेखकाच्या. सुरुवात अगदी सरळ होती. नोकरीच्या शेवटच्या वर्षी गाडीत कुणीतरी एक पुस्तक विसरून गेलं. मालकाचा पत्ता कुठे सापडतो का, म्हणून मावसाजींनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासलं. पत्ता सापडला नाही, पण तपासणी काही थांबली नाही.

हे लेखक आपल्याच जिल्ह्यातले. आता हयात नाहीत. त्यांनी अकरा कादंबऱ्या लिहिल्या आणि अकराही स्वतंत्र आहेत, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही, असं मी तोवर शपथेवर सांगितलं असतं. मी यवतमाळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि त्यातल्या दोन कादंबऱ्या पोरांना परीक्षेपुरत्या शिकवूनही झाल्या आहेत. पण मावसाजी काही परीक्षेला बसणारे नव्हते. दुसऱ्या कादंबरीत एक डावखुरा शिंपी भावाशी भांडतो, शिलाई मशीन डोक्यावर घेतो आणि गाव सोडतो. पुढे त्याचा उल्लेख नाही. समीक्षकांनी सोडून दिला, मीही सोडून दिला. चौथ्या कादंबरीत, संपूर्ण निराळ्या गावात, निराळ्या लग्नघरात एक अर्धं वाक्य आहे, की नवरीचं पोलकं पांढरकवड्याच्या एका डावखुऱ्या शिंप्यानं शिवलं होतं. मावसाजी जेवता जेवता वाचत होते. उष्ट्या हातानं उठून ते चुलीपाशी गेले आणि मावशीला म्हणाले, "पोचला. शिंपी पोचला पांढरकवड्याले." मावशीनं विचारलं, "कोन्ता शिंपी?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांना परत पाटावर बसवून उरलेली भाकर खायला लावली.

त्या दिवशी त्यांनी एक नोंदवही घातली. डाव्या हाताला माणसाचं नाव, नाव नसेल तर खूण. मग कोणत्या कादंबरीतून सुटला, कोणत्या पानावरून, आणि कोणत्या कादंबरीत कुठे पोचला. कादंबऱ्यांना ते नावानं ओळखत नसत. 'तीन नंबर', 'आठ नंबर' असंच म्हणत, आणि आपण नाव घेतलं तर क्षणभर गोंधळत. पाच नंबरातला पिणारा मास्तर आठ नंबरात, म्हातारा होऊन, दवाखान्याच्या रांगेत एका ओळीपुरता दिसतो. तो दिसल्यावर मावसाजी दोन दिवस गप्प होते. कुणी दोस्त आजारी असल्याची बातमी यावी तसे. तीन नंबरातला एका शिंगाचा बैल सहा नंबरात विहिरीवर पाणी पिताना सापडला, तेव्हा त्याची नोंद करावी की नाही यावर त्यांनी बराच विचार केला आणि शेवटी त्याला 'सामान' या सदरात टाकलं. माझ्या एका सहकाऱ्याला मी हे गमतीनं सांगितलं, तर तो म्हणाला, यावर पीएचडी होईल. मी मावसाजींना तसं सांगितलं. ते म्हणाले, "कायले? मानसं पोचली काय नाही एवढंच तं पाहून राह्यलो मी."

त्यांच्याबरोबर प्रवास करणं हा एक निराळाच अनुभव. राळेगावहून पांढरकवड्याला जाताना ते नेहमी खिडकीशी बसत. बाहेर कापूस फुटलेला, उन्हानं सगळं पांढरं झालेलं, मध्येच तुरीचा हिरवा पट्टा, आणि मावसाजी हळू आवाजात सांगत असत. त्या निंबाखालच्या घरात मास्तरची बहीण राहत होती. या फाट्यावर शिंपी मशीन खाली ठेवून बिडी प्यायला. केळापूर जवळ आलं की ते बोट दाखवत, "थ्या बाईचा झगडा येथंच झाला होता, नऊ नंबरात." गाडीच्या हेलकाव्यानं मला डुलकी लागलेली असे. अर्धवट डोळे उघडून पाहावं, तर निंबाखाली खरंच कुणीतरी बाई धुणं वाळत घालताना दिसे, आणि ही बाई पुस्तकातली की तालुक्यातली हे ठरवायच्या आत गाडी पुढे गेलेली असे. आजही त्या रस्त्यावरची काही घरं मला ओळखीची वाटतात, आणि कुणाची म्हणून विचारलं तर मला सांगता येणार नाही.

सगळ्यांची नोंद लागली. सतरा माणसं आणि एक बैल. राहिली फक्त कौसल्या. पहिल्या कादंबरीतली ही बाई. सासरच्या जाचाला कंटाळून, चार वर्षांच्या लेकीला काखेत घेऊन भर दुपारी स्टँडवर येते. समोर बोरी अरबची पाटी लावलेली गाडी निघायच्या बेतात असते. तिथला कंट्रोलर तिच्यासाठी ती गाडी दोन मिनिटं थांबवतो. मग गाडी सुटते, धुळीत दिसेनाशी होते, आणि प्रकरण संपतं. पुढे सगळी कादंबरी तिच्या नवऱ्याची आहे. कौसल्याची एवढीच एक खूण लेखकानं दिली आहे, की लेकीचं पाऊल मुठीत धरल्याशिवाय तिला झोप लागत नसे. मावसाजींनी उरलेल्या दहा कादंबऱ्यांतली प्रत्येक बोरी अरब, प्रत्येक माहेरवाशीण, प्रत्येक परकी बाई धुंडाळली. कौसल्या नाही. मी एकदा म्हटलं, मावसाजी, लेखक विसरला असेल. यावर ते पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. "गाडी सुटली ना? मंग कुठीतरी पोचलीच असन. माह्या नोकरीत मी सोडलेली एक गाडी अशी नाही का जिचा पत्ता नाही लागला. अन् थे लेकरू होतं ना काखेत."

एकदा आम्ही खरंच बोरी अरबला एका लग्नाला गेलो होतो. अक्षता पडल्या, आणि मावसाजी मांडवातून नाहीसे झाले. मी शोधत गेले तर बाजारात एका बांगड्यांच्या दुकानापुढे उभे. दुकानदार म्हातारी त्यांना मोठ्या आपुलकीनं सांगत होती, "कौसल्या ना? लेक घेऊन आल्ती थे? राहे ना येथंच, मांगच्या गल्लीत. मंग अमरावतीले गेली लेकीपाशी." शेजारच्या दोघांनी दुजोरा दिला. एकाला तर तिच्या नवऱ्याचं नावही आठवलं, आणि ते पुस्तकातलं नव्हतं.  परतीच्या वाटेवर मावसाजी म्हणाले, "ही दुसरी कौसल्या असन. पन हेही पोचली, बरं झालं." त्यांनी लेखकाला, ते हयात असताना, कौसल्या कुठे उतरली असं विचारणारं एक पत्रही लिहिलं होतं. उलट टपाली कार्ड आलं, की आपण फार लक्ष देऊन वाचता, आणखी एकदा वाचावे. मावसाजींना ते लागलं. चार खेपा वाचलेल्या माणसाला असं कुणी सांगतं का?

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग अक्षरं जायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा. मावसाजींनी ते शांतपणे ऐकलं आणि बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, "कौसल्या राहून जाईन वाटते."  इतकी वर्षं मी या वेडाला हसत आले होते, पण त्या दवाखान्याच्या पायरीवर मला त्यांच्याहून जास्त त्या बाईची काळजी वाटायला लागली. दर रविवारी दुपारी येऊन मी वाचून दाखवीन, असं मी कबूल करून बसले.

त्यांना वाचून दाखवणं सोपं नव्हतं. त्या लेखकाच्या बहुतेक कादंबऱ्यांत कुठेतरी एक स्टँड आहे आणि स्टँडवर एक कंट्रोलर आहे. तो आला की मावसाजी हात वर करत. "थे स्टाफचं आहे. पुढं चाल." कारण जुनं होतं. पहिल्याच कादंबरीत तो कंट्रोलर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून ड्यूटी करताना दाखवला आहे, आणि हा मावसाजींना आपल्या समस्त खात्याचा अपमान वाटला होता. "ड्यूटीवर खर्रा खाते काय कंट्रोलर? लेखकाले काय समजते त्यातलं?" तेव्हापासून एकूण एक कंट्रोलरची पानं त्यांनी स्वतःही उलटून टाकली होती. मावशी आतून कापसाच्या वाती वळता वळता म्हणे, "अन् तुमी काय सुपारी खात होते?" मावसाजींना ऐकू जात नसे. शिवाय त्यांचा एक नियम होता, की नोंद प्रवाशांची होते, स्टाफची होत नाही. स्टाफ कुठेच जात नाही, म्हणून तो पोचतही नाही. मीही मुकाट्यानं ती पानं ओलांडत होते.

गेल्या थंडीत एका रविवारी सात नंबर चालू होतं. अंगणात ऊन आलं होतं, आणि ऐकता ऐकता मावसाजींची मान खुर्चीत कलली. कंट्रोलरचं पान आलं. हात वर झाला नाही, म्हणून मी मनातल्या मनात वाचत गेले. तो कंट्रोलर दुपारी जेवायला घरी येतो. बायको खाटेच्या कडेला बसल्या बसल्या झोपलेली असते, आणि खाटेवर निजलेल्या मोठ्या लेकीचं पाऊल तिच्या मुठीत असतं. त्याला तिला उठवावंसं वाटत नाही. तो हातानं वाढून घेतो आणि पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून लोटा जपून ठेवतो. एवढंच. मी घरात जाऊन पहिली कादंबरी काढून आणली. गाडी धुळीत दिसेनाशी होते, तिथे मावसाजी थांबत होते, मीही थांबत होते. त्याखाली आणखी चार ओळी आहेत. कंट्रोलर खर्रा थुंकतो, चूळ भरतो, आणि रांजणातून पाणी घेऊन बाकाकडे जातो. एक मोठा पेला आणि एक लहान.

ते जागे झाले तेव्हा ऊन पायांवरून उतरलं होतं. सांगावं की नाही, असं मला वाटून गेलं. शोध संपल्यावर या माणसानं रविवारची वाट कशासाठी पाहायची? पण शोध त्यांचा होता, तो लांबवायचा हक्क माझा नव्हता. मी म्हटलं, "मावसाजी, कौसल्या सापडली."

"कुठी उतरली?"

"उतरली नाही. चढलीच नव्हती."

मी दोन्ही पानं वाचली. एकदा, आणि मग त्यांनी बोटानं खूण केल्यावर पुन्हा एकदा. मावशीही वाती ठेवून दाराशी येऊन बसली होती. मावसाजी खूप वेळ अंगणाकडे पाहत राहिले. त्यांना तिथे उजेडापलीकडे काही दिसत नव्हतं हे मला ठाऊक होतं.

"चूळ भरली म्हन्तं त्यानं?"

"भरली."

"हं," ते म्हणाले. "मंग मानूस बरा असन." आणि थोड्या वेळानं, जवळजवळ स्वतःशीच, "गाडी थांबवली म्हंजे मानूस चढलाच, असं धरून चाललो मी. छत्तीस वर्सं गाडी सुटली का नजर गाडीमांगं जाये, बाई. बाकावर कोन राह्यलं, हे कधी पाह्यलंच नाही."  मावशीनं त्यांच्या पायांवर शाल ओढली.

आता त्यांना अक्षर दिसत नाही, माणूस सावलीसारखा दिसतो. आम्ही अकराही कादंबऱ्या पुन्हा पहिल्यापासून धरल्या आहेत, आणि आता हात वर होत नाही. रविवारी संध्याकाळी मी यवतमाळच्या गाडीला निघते, तेव्हा ते माझ्याबरोबर स्टँडवर येतात. काठी टेकत येतात आणि बाकावर बसतात. पूर्वी माझी गाडी वळणाआड जाईपर्यंत ते उभे राहून पाहत असत, आणि मी पोचल्याचा फोन केल्याशिवाय जेवत नसत. हल्ली मी खिडकीतून हात हलवते, तर त्यांचं तोंड माझ्याकडे नसतंच. गाडी सुटली की ते बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे वळतात. तिथे कुणी बसलेलं आहे की नाही हे त्यांना नीटसं दिसत नाही. तरी ते विचारतात, आणि इंजिनच्या आवाजात मला ते ऐकू येत नाही, पण बाजूनं दिसणाऱ्या ओठांवरून कळतं.

"गाडी चुकली काय, माय? पानी पेता काय?"