मालोजीरावांचे सुळे

मालोजीराव पांढऱ्यांनी महूच्या रानात पिस्तुलानं वाघ मारला, अशी आमच्या गल्लीत बोलवा झाली होती. वाघ कुठला, रानडुक्कर होतं. आणि पिस्तूल नव्हे, होळकरी फौजेतलं जुनं रिव्हॉल्वर, अंगठ्याएवढ्या काडतुसाचं. फौज गेली, मध्यभारत आला, पण मालोजीरावांची रिसालदारी ऐट तशीच राहिली.

त्यांच्या शिकारी मंडळींचा रिवाज असा, की समोरून गोळी घालणाऱ्यालाच सुळे मिळायचे. मालोजीरावांनी तर सुळ्यांसाठी दारावर खिळाही ठोकून ठेवला. "अंगावर आलं, समोरून घातली," असं ते ज्याला त्याला सांगत होते.

निवाड्याला मिलमधले कारकून शंकरराव बसले. डुक्कर सोललं, तर गोळी निघाली ढुंगणातून. शंकरराव चक्रावले. डुक्कर पळत होतं, तर हाका करून रान उठवणाऱ्यांना मालोजीराव बाभळीवर कसे सापडले? आणि मालोजीराव पळत होते, तर गोळी मागून कशी लागली? डुकराभोवती दोन फेऱ्या मारूनही त्यांना काही उमजेना.

"रिसालदारसाहेब, नेमकं कोण कोणापासून पळत होतं?"

मालोजीराव म्हणाले, "भिया, पळत तर दोघंही होतो. पण रिव्हॉल्वर माझ्याकडे होतं. सुळे काढा."