सचिनचा सी

मंगळवारी दुपारी सुरतेत, उधन्याच्या आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, एका फोनच्या बनावटीची तारीख चुकीची नोंदवली गेली. फोन सप्टेंबरचा, म्हणजे सुरक्षित, असं ग्राहकाला कळवण्यात आलं. फोन त्या वेळी लिंबायतमधल्या एका खोलीत चार्जिंगला लावलेला होता.

कंपनीचा मेल सकाळी आला होता. एका मॉडेलच्या बॅटऱ्या फुगत होत्या. सगळ्या नाहीत. गेल्या वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत जे फोन तयार झाले, तेवढेच. अशा ग्राहकांना शोधा, चार्जिंग ताबडतोब बंद करायला सांगा, फोन जमा करून घ्या, असा आदेश होता. कोणते फोन, त्यांच्या आयएमईआय नंबरांची यादी संध्याकाळपर्यंत मिळणार होती. आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र पंधरा आकडी क्रमांक. तोवर तारीख आम्हालाच काढायची होती.

हे वाटतं तितकं सोपं नसतं. आमच्या कॉम्प्युटरवर फोन विकल्याची तारीख दिसते, तयार झाल्याची नाही. दोन्हींत काही महिन्यांचं अंतर असू शकतं. खोक्यावरच्या लेबलवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, पण खोकी कोण जपून ठेवतं? उरतो सिरियल नंबर. आमच्या कंपनीच्या सिरियल नंबरात चौथा आकडा वर्षाचा आणि पाचवं अक्षर पंधरवड्याचं असतं. वर्षाचे पंधरवडे चोवीस. इंग्रजी अक्षरं सव्वीस. आय आणि ओ ही अक्षरं एक आणि शून्यासारखी दिसतात म्हणून गाळली, की उरतात चोवीस. ए म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा, बी म्हणजे दुसरा. धोक्याची अक्षरं तीन होती: बी, सी, डी.

फोनवर ही तिन्ही जवळजवळ एकसारखी ऐकू येतात. म्हणून डेस्कवर ठरलं, की ग्राहकाला अक्षरासोबत एखादं गाव विचारायचं. बी बारडोलीचा. डी डुमसचा. सीसाठी कुणाला चटकन गाव सुचलं नाही. तेवढ्यात पुढचा फोन लागला.

फ्रंट डेस्कवर जिग्नेश होता. दहा वर्षांपासूनचा माणूस. मराठी समजतो, ग्राहकांशी हिंदीत बोलतो. त्या मॉडेलच्या विक्रीच्या नोंदींमधल्या एका नंबरवर त्याने दोनदा फोन केला. उचलला गेला नाही. बिलावर दुसरा नंबर होता, तो रिंग रोडवरच्या एका साडीच्या कारखान्याचा. तिथे सुरेखाताई पाटील साड्यांवर स्टोन चिकटवायचं काम करतात. शेठने त्यांना फोनवर बोलावलं.

फोन घरी होता, पण खोकं सुरेखाताईंजवळ होतं. ते त्यांनी स्टोन ठेवायला कामावर आणलेलं होतं. जिग्नेशने लेबल वाचायला सांगितलं. महिना-वर्षाच्या जागी गोंद सांडून छपाई उडाली होती. सिरियल नंबर शाबूत होता. त्यांनी तो एकेक करून वाचला.

पाचव्या अक्षराला जिग्नेशने विचारलं, "कौन सा? गाँव का नाम बोलो."

"सी. सचिनवाला सी." सचिन हे सुरतेजवळचं गाव.

मागे मशिनं चालू होती. "सचिनवाला ना?"

"हां हां, सचिनवाला."

जिग्नेशने एस लिहिला. एस म्हणजे सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. त्याने सांगितलं, "आपका फोन ठीक है, बेन." आणि पुढचा नंबर लावला. घरी फोन कुणाकडे आहे, चार्जिंगला आहे का, हे विचारायचं कारण उरलं नव्हतं.

सेंटरची इनचार्ज म्हणून दर तासाला नोंदी तपासणं माझं काम. मी जिग्नेशच्या नोंदी विक्रीच्या तारखांशी ताडून पाहत होते. पाटील यांच्या ओळीवर थांबले. फोन गेल्या वर्षी जुलैमध्ये विकला गेला होता. नोंदीप्रमाणे तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तयार झाला होता.

जुलैत विकलेला फोन सप्टेंबरमध्ये बनत नाही.

वर्षाचा आकडा चुकला असेल, ही एक शक्यता. पण त्याच्या आदल्या वर्षी हे मॉडेल बाजारातच नव्हतं. म्हणजे अक्षर चुकलं होतं.

"जिग्नेश, हा एस तिने कसा सांगितला?"

"सचिननो एस, मॅडम. बे वार पूछ्युं."

"एस म्हणाली?"

"सचिन म्हणाली."

"अक्षर काय म्हणाली?"

"सी..." जिग्नेशचा हात फोनकडे गेला. "सी सचिननो."

सचिन म्हटल्यावर जिग्नेशच्या डोळ्यांसमोर तिथल्या स्टेशनची इंग्रजी पाटी आली, तिचं पहिलं अक्षर एस. सुरेखाताई मराठी शाळेत शिकलेल्या. 'सी' वाचल्यावर त्यांना 'स' आठवला, आणि 'स'वरून सचिन.

कारखान्यात पुन्हा फोन केला. या वेळी मी बोलले.

"सुरेखाताई, ते अक्षर चंद्रकोरीसारखं आहे का? एका बाजूने उघडं?"

"हां. अर्धी बांगडी. सी."

"फोन कुठे आहे आत्ता?"

"घरी. यांच्याजवळ. हे झोपेल शेतस. रातपाळी शे ना." त्या अहिराणीत बोलत होत्या; शे म्हणजे आहे.

"चार्जिंगला?"

"रोजच र्‍हास. हे येतस, चार्जिंगले लावतस नि झोपतस." मग आवाज बदलला. "काय व्हयनं, मॅडम? मघाशी तर त्या भाऊंनी ठीक शे सांगितलं."

मी सांगितलं. बॅटरी फुगू शकते, फुगलेली बॅटरी चार्जिंगवर राहिली तर पेटू शकते. यापेक्षा सौम्य शब्द त्या वेळी सुचले नाहीत.

"उशीखाले ठेवतस ते फोन," सुरेखाताई म्हणाल्या.

शेजारी कुणाचा नंबर आहे का, विचारलं. होता. त्याच फोनमध्ये सेव्ह केलेला.

जिग्नेश तोपर्यंत सुरेखाताईंच्या नवऱ्याला, रमेश पाटलांना, तिसऱ्यांदा फोन लावत होता. मी त्याला थांबवलं. बॅटरी फुगलेली असेल तर रिंग आणि व्हायब्रेशनही नको होतं. तसंही कुणी उचलत नव्हतं. रमेश पाटील कडोदऱ्याला लूमच्या खात्यात कामाला. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडला खातं म्हणतात. एका छताखाली शेकडो लूम रात्रभर चालतात. तिथे बोललेलं ऐकू येत नाही, माणसं हातांनी खुणा करतात. त्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला मोबाईलची रिंग जागं करत नाही.

सेंटरमध्ये वाळू भरलेली एक लोखंडी पेटी असते. फुगलेल्या बॅटऱ्या तिच्यात ठेवतात. ती पेटी आणि जाड हातमोजे घेऊन आम्ही जिग्नेशच्या स्कूटरवर निघालो. सुरेखाताई रिंग रोडवरून रिक्षाने निघाल्या. शेठने स्वतःचा फोन त्यांच्या हातात दिला होता, एवढं त्यांनी निघताना कळवलं.

उधना दरवाजाच्या आधी एरिया मॅनेजरांचा फोन आला. मी स्कूटरवर मागे बसून बोलले.

"मॅडम, होम व्हिजिट अपने प्रोसिजर में नहीं है. कस्टमर को बोलो फोन लेके आए."

"कस्टमर सो रहा है, सर."

"तो जगाओ."

"फोन से नहीं जागता. लूम में काम करता है."

"और फोन?"

"तकिये के नीचे. चार्जिंग पे."

मॅनेजर म्हणाले, "निकलने से पहले एक मेल डाल देना."

"निकल चुके हैं, सर."

पुलाखाली ट्रॅफिक तुंबलेलं होतं. पार्सलांनी भरलेला एक टेम्पो आडवा अडकला होता. जिग्नेशने हॉर्न दाबून धरला. समोरच्या रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "आग लागी छे के?" जिग्नेशने स्कूटर फुटपाथवर चढवली.

लिंबायतमध्ये सुरेखाताईंनी सांगितलेल्या गल्लीत तीन मजली चाळ होती. खोली दुसऱ्या मजल्यावर. दाराला आतून कडी. धूर नव्हता. जळका वासही नव्हता. जिग्नेशने दार ठोठावलं, मग दोन्ही हातांनी बडवलं. आत पंख्याची घरघर चालू होती. दुसरं काही नाही.

शेजारच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. हाताला पीठ होतं.

"कुणाकडे?"

"रमेशभाऊंकडे. त्यांना उठवायचंय, तातडीने."

"ते उठतील का असे? परवा खाली वरात आली होती. बँडवाला दारात नागीन वाजवत होता. यांनी कूसही बदलली नाही."

खिडकी गॅलरीकडे होती, पण आतून बंद. जिग्नेश म्हणाला, "काच फोडूं?" मी खिडकीतून आत पाहायचा प्रयत्न केला. पडदा होता. फट होती तिथून खाटेची एक कड आणि भिंतीतला प्लग दिसला. प्लगमध्ये चार्जर होता. त्यावरचा लहान दिवा लागलेला होता. वायर खाटेकडे गेली होती.

मी शेठच्या नंबरवर फोन लावला. सुरेखाताई अजून सहारा दरवाजाजवळ अडकलेल्या होत्या.

"दार वाजवताय? वाजवू नका, बहीन. वाजवीसन काय उपयोग नाही. आवाजाने हे उठत नाहीत. आवाज बंद झाला ना, मग उठतात."

"म्हणजे?"

"पंखा बंद करा. खात्यात लूम बंद पडली की दचकतात ना, तसे उठतात. खाली जिन्याखाली मीटर शेतस. आमच्या मीटरवर लाल चिंधी बांधेल शे. त्याखालचा खटका पाडा."

जिग्नेश दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेला. मी दाराशी उभी राहिले. खालून त्याचा आवाज आला, "लाल बे छे!" दोन मीटरांवर लाल चिंध्या होत्या. शेजारच्या बाई कठड्यावरून वाकून ओरडल्या, "डावीकडचा! उजवीकडचा माझा, माझा मिक्सर चालू आहे!"

पंखा थांबला. चार्जरवरचा दिवा विझला.

आत खाट करकरली. मग झोपेतला, चिडलेला आवाज आला, "लाईट कोनी बंद करी रे?"

"रमेशभाऊ, दार उघडा. फोनला हात लावू नका. तसेच उठा आणि दार उघडा."

दार उघडलं. बनियन घातलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस समोर होता. माझ्या गळ्यातलं आयकार्ड आणि मागे धापा टाकत आलेला जिग्नेश, दोघांकडे पाहून तो मोठ्याने म्हणाला, "फोनचा हप्ता भरेल शे, मॅडम. पाच तारखेलेच भरेल शे."

लूममधली माणसं मोठ्याने बोलतात. गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या.

"हप्त्यासाठी नाही आलो. फोन कुठे आहे?"

त्याने उशीकडे बोट दाखवलं. मी हातमोजे घालून उशी बाजूला केली. उशीचा अभ्रा खालून गरम होता. फोनचं मागचं झाकण एका कडेने उचललं गेलं होतं. फटीतून बॅटरीचा चंदेरी फुगा दिसत होता. वायर काढली. फोन वाळूत ठेवला, वरून वाळू टाकली आणि पेटी गॅलरीत, मोकळ्या हवेत नेऊन ठेवली. जिग्नेश कठड्याला टेकून खाली बसला.

रमेशभाऊंनी पेटीकडे पाहिलं, मग उशीकडे. "अठे डोकं व्हतं मनं," ते म्हणाले. या वेळी हळू.

सुरेखाताई पोहोचल्या तेव्हा आधी त्यांनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याला म्हणाल्या, "कितीदा सांगितलं, उशीखाले ठेवू नको." मग जिग्नेशकडे वळल्या.

"भाऊ, मी तर बरोबर सांगितलं होतं. सचिनवाला सी."

"बेन, सचिन में एस आता है."

"सी पण येतो."

"नहीं आता."

"पाटी वाचा ना जाऊन."

शेजारच्या बाईंनी पाणी आणलं. मीटर पुन्हा चालू केलं. पेटीतली वाळू तापते आहे का, ते थोड्या थोड्या वेळाने हात लावून पाहिलं. तापली नाही. मग पेटी आम्ही रिक्षाने सेंटरला आणली. बॅटरी बाहेर काढली. सिम ठेवायच्या ट्रेवर बारीक अक्षरात सिरियल नंबर असतो. भिंगाखाली पाचवं अक्षर वाचलं. सी. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा.

त्या दिवसापासून सेंटरमध्ये अक्षर फोनवर विचारत नाहीत. फोटो मागवतात. ज्यांच्याकडे फोटो काढायला दुसरा फोन नाही, त्यांना आधी चार्जर काढायला सांगतात आणि मग तारीख शोधतात.

कंपनीची यादी संध्याकाळी आली. पाटील यांच्या फोनचा आयएमईआय तिच्यात होता. जिग्नेशने नोंदीतला एस खोडून सी लिहिला. मग त्याच कागदाच्या कोपऱ्यात त्याने इंग्रजीत सचिन लिहिलं आणि एकेक अक्षर मोजलं. तिसरं अक्षर सी आहे.