घाण्यामागे निम्मा

सरुबाईने एकदा ठरवलं की ठरलं, हे कसबा पेठेतल्या त्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यात आधी तिच्या नवऱ्याला. वैजनाथने म्हणे लग्नानंतर आठवडाभर वाद घालून बघितला. मग त्याने तराजू हातात घेतला, तो आजतागायत खाली ठेवलेला नाही. भडभुंज्याच्या दुकानात एकाने भाजायचं, एकाने वजन करायचं. बोलायचं काम सरुबाई दोघांच्या वतीने करते.

दुकानाच्या मागच्या अंगाला भट्टी. भट्टीवर काळीभोर कढई, कढईत तापलेली वाळू. वाळूत हरभरे पडले की तडतडतात, झाऱ्याने उपसून चाळणीत घेतले की वाळू खाली, फुटाणे वर. कढईत एका वेळी मावतील तेवढे भाजले की झाला एक घाणा. पूर्वी सकाळी मोजके घाणे निघायचे आणि जेवणवेळेला भट्टी थंड. तेवढा धूर आळीने नळाच्या वेळेसारखा मान्य केला होता. समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या नेनेकाकांनीसुद्धा. गोपाळकृष्ण नेने, बँकेतून निवृत्त. त्यांना दोन गोष्टींचा अभिमान, पांढऱ्या कपड्यांचा आणि खोकल्याचा. त्या खोकल्यात आजार किती आणि अभिप्राय किती, यावर आळीत दोन तट होते.

मग खराडीहून अपूर्वा आली. आयटीतली नोकरी सोडून तिने खाऊची पाकिटं विकायचा उद्योग काढला होता. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना आता तळलेलं नको, भाजलेलं हवं, आणि तेही जुन्या पेठेतल्या भट्टीवरचं, असं तिचं म्हणणं. जी माणसं गाडी लावायला जागा नाही म्हणून पेठेत फिरकत नाहीत, त्यांच्याकडे पेठच पाकिटात बसून जाणार म्हणताना सरुबाईला हसू आलं. पण तिने होकार दिला. चाळणीवर चंद्रपूरकडच्या यमुनाबाईंना कामाला घेतलं, आणि भट्टी दिवेलागणीपर्यंत चालायला लागली.

त्यानंतर नेनेकाका रोज संध्याकाळी पावशेर फुटाणे न्यायला यायचे. पिशवी आणायचे नाहीत. दोरीवर वाळत घातलेला आपला पांढरा रुमाल काढायचे, त्यावरचे काळे ठिपके दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना नीट दिसतील असा पसरायचे आणि म्हणायचे, "यातच बांधा. रंग तुमचाच आहे, माल पण तुमचाच." सरुबाई गाठ जरा जास्तच घट्ट मारायची.

काही दिवसांनी अपूर्वा नवीनच मागणी घेऊन आली. तिच्या उद्योगात पैसे घालणाऱ्या बाहेरच्या मंडळींना प्रत्येक पाकिटामागे कार्बन किती होतो ते हवं होतं. सरुबाईला कार्बन म्हणजे बिलबुकातला निळा कागद ठाऊक. तिने तो काढून दाखवला. अपूर्वाने बिचारीने मग लाकूड, धूर, तापणारी हवा असं सगळं समजावलं. ऐकता ऐकता सरुबाईचं लक्ष समोरच्या दोरीवर गेलं आणि तिने तिथल्या तिथे ठरवलं, की धूर निम्म्यावर आणून त्या रुमालाचं तोंड बंद करायचं.

आणि आणला की तिने. जुनी भट्टी फोडली. लहान तोंडाची, आत पंख्याने हवा देणारी नवी भट्टी बांधून घेतली. पहिले काही घाणे करपले, ते आळीतल्या पोरांनी गूळ लावून संपवले. पण हात बसला तसं खरंच एका घाण्याला निम्म्या लाकडात भागायला लागलं. सरुबाईने हे देवळात सांगितलं, दळणाच्या रांगेत सांगितलं, कुणाच्या तरी बारशात पाळण्यापाशीही सांगितलं. अपूर्वाने पाकिटावर भट्टीचं चित्र छापलं, त्याच्या शेजारी हिरवं पान आणि खाली ‘निम्मा धूर’. ते पान लोकांना इतकं आवडलं की पाकिटांना मागणी दुप्पट झाली, मग तिप्पट. सरुबाई पहाटे भट्टी पेटवायची ती रात्रीच्या जेवणापर्यंत.

एका संध्याकाळी नेनेकाकांनी रुमाल पसरला. ठिपके मोजण्यासारखे राहिलेच नव्हते. रुमालच राखाडी होता.

"काका, आता घाण्यामागे निम्मा धूर आहे," सरुबाई ठसक्यात म्हणाली.

"असेल की," नेनेकाका म्हणाले, "पण माझ्या फुप्फुसांना घाणे मोजता येत नाहीत हो. त्यांना एकूणच कळतं. घाणे वाढले की घाण वाढायचीच, सरुबाई."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. वैजनाथसुद्धा तराजूआड हसला, आणि त्या रात्री त्याला भाजी वाढायची राहून गेली. सरुबाई म्हणत राहिली की म्हाताऱ्याला चांगलं काही बघवतच नाही.

दोन दिवसांनी ती सरपण सांगायला धोंडिबाच्या लाकडाच्या वखारीत गेली. हा धोंडिबा एरवी गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत नाही. इतकी वर्षं सरुबाई त्याच्याशी उभ्यानेच बोलत आली. त्या दिवशी तो लगबगीने उठला, स्वतःची खुर्ची खांद्यावरच्या पंच्याने पुसून तिच्यापुढे ठेवली, पोराला चहाला पिटाळलं आणि वहिनी, वहिनी करत घरची खुशाली विचारायला लागला. सरुबाई बसली. चहा अर्धा झाला आणि तिच्या मनात आलं, लाकूड निम्म्यावर आणलंय तर या मेल्याला माझा एवढा पुळका का? उरलेला चहा तसाच ठेवून ती उठली.

त्या दिवसापासून पाकिटावरचं ते पान तिला टोचायला लागलं. आळीभर स्वतःच्या तोंडाने सांगितलेला शब्द खोटा पडत होता. आणि वर दिवाळीच्या भेटपाकिटांची सगळ्यात मोठी ऑर्डर घेऊन अपूर्वा चार दिवसांत येणार होती. ऑर्डर घेतली तर शब्द गेला. नाही म्हटलं तर अपूर्वा दुसरीकडे जाणार, आणि उभा केलेला धंदा तिच्याबरोबर.

आधी तिने विजेच्या भट्टीचा विचार केला. तो तिने चाळणीपाशी बोलून दाखवला, तर यमुनाबाई हात थांबवून म्हणाल्या, "ती वीज आमच्याकडच्या कोयशावरच बनते ना बाई. आमच्याकडं पहिलेच लय धूर हाय, अजून काहाले पाठवता?" सरुबाईने तो विषय तिथेच मिटवला.

मग तिला सासू आठवली. भिजवलेले हरभरे सासू आधी कौलांवर उन्हात खडखडीत वाळवायची, मगच भट्टीला लावायची. मागच्या नव्या इमारतीने कौलांवरचं ऊन खाल्लं, तेव्हापासून वाळवायचं कामही भट्टीवरच आलं होतं. आळीत आता भरपूर ऊन एकाच गच्चीवर यायचं. ती कुणाची, हे सांगायला नको. सरुबाईने पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा नेनेकाकांचा जिना चढली.

"काका, धूर कमी हवा असेल तर ऊन द्या."

"ऊन माझं नाही. गच्ची माझी आहे."

"मग गच्ची द्या. ऊन माझं मी घेते."

नेनेकाका खोकले. या वेळी तो अभिप्रायच होता. मग त्यांनी किल्ली दिली आणि बजावलं, की कबुतरं आली तर ती आपली जबाबदारी नाही.

अपूर्वा आली तेव्हा सरुबाईने तिला आधी पोटभर चिवडा खाऊ घातला आणि मग सांगितलं, की पूर्वी सकाळच्या घाण्यांना जेवढं लाकूड लागायचं तेवढंच रोज जळेल. नव्या भट्टीत आणि उन्हाच्या जोरावर त्यात जेवढं भाजून निघेल तेवढं तुझं. त्यावर एक घाणा नाही.

अपूर्वा गडबडली. लोक रांग लावून मागतायत, आत्ता हात आखडता घेऊन कसं चालेल, असं तिने परोपरीने विनवलं. शेवटी म्हणाली, "मावशी, पाकिटामागे निम्मा आहेच ना? मग आपण खोटं कुठे बोलतोय?"

"पाकिटामागे खरं आहे गं. आळीमागे खोटं आहे."

अपूर्वाने आशेने वैजनाथकडे पाहिलं. "मी फक्त वजन करतो," वैजनाथ म्हणाला.

मग बाकीचा माल शहराबाहेरच्या कारखान्यात भाजून घ्यावा लागेल, असं अपूर्वाने जरा घुश्शातच सांगितलं. तो धूरही कुणाच्या तरी दोरीवर बसणार, हे न कळण्याइतकी सरुबाई भोळी नव्हती. कढईतला झारा तिने तेवढ्यापुरता थांबवला.

"घे भाजून. तिथला धूर अडवायला माझा हात पुरणार नाही. पण त्या पाकिटावर माझ्या भट्टीचं चित्र नको, आणि ते पान तर नकोच. आणि माझ्या पाकिटावर पान ठेवायचं असेल तर त्याच्याखाली दिवसाला घाणे किती, तेही छाप."

दिवाळीची अर्ध्याहून जास्त ऑर्डर गेली. उरली ती पुरून उरेल एवढी होती, पण सरुबाईने मनात मांडलेला नवा गाळा मात्र राहूनच गेला. त्याचं दुःख तिने एक दिवस केलं. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर हरभरे पसरले गेले, आणि ज्यांची जबाबदारी नव्हती ते नेनेकाका छत्री आणि काठी घेऊन ऑक्टोबरच्या उन्हात कबुतरांना व्याकरणशुद्ध शिव्या देताना आळीने पाहिले. संध्याकाळी ते रुमाल पसरतात अजून. ठिपके असतात, पण आता मोजता येतात, आणि काका ते मोजून दाखवतात.

महिनाअखेरीला सरुबाई वखारीत गेली. धोंडिबाने तिला पाहिलं आणि मान खाली घालून काम चालू ठेवलं. खुर्ची त्याच्या बुडाखालीच राहिली, चहाचं तर नावच नाही. सरुबाईने उभ्यानेच सरपण सांगितलं, आणि परत येताना देवळापासून दुकानापर्यंत भेटेल त्याला थांबवून सांगत सुटली, की आज धोंडिबाने आपल्याला बसासुद्धा म्हटलं नाही.