सोमवारची मूठ

त्या सकाळी मी महादेवाशी भांडत होते, हे आधीच सांगून टाकते. पंतप्रधान परदेशात वारल्याचं रेडिओनं सांगितलं, तेव्हा मी मुलीच्या उशाशी होते. टायफॉइडनं तिची पार काडी झाली होती. धंतोलीच्या डॉक्टरांनी आदल्याच दिवशी बजावलं होतं की ताप उतरलाय, उद्या तांदळाची पेज पोटात गेलीच पाहिजे, नाहीतर पोर हातची जाईल. ते टंचाईचं वर्ष. घरात ज्वारी होती, तांदळाचा दाणा नव्हता.

याच पंतप्रधानांनी देशाला सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. मी महादेवाचा सोमवार धरायची, तो रात्री सोडायचाही बंद केला. आणि आता हे फळ!

हरताळामुळे बाजार बंद. गल्लीतल्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे मागच्या दारानं गेले. त्याच्या माडीवरची पोती मी डोळ्यांनी पाहिली होती. छातीवर काळी फीत लावून तो म्हणाला, देश दुःखात आहे, आज विकणं पाप. आणि आतून शिजत्या भाताचा वास येत होता! अंगाची नुसती लाही झाली. घरी येऊन देवघरापुढे नाही नाही ते बोलले.

तेवढ्यात अंगणातून अनुसयाबाईची हाक आली. ही शेजारच्या वस्तीतली, विड्या वळणारी. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आमच्या नळावर यायची, पण सासूबाईंच्या दंडकानं मी तिच्या घागरीत वरून पाणी ओतायची, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. मुलीचं आजारपण आणि पेजेची अडचण तिला तिथंच कळली होती.

"रडून काहून राहिली वं?" ती म्हणाली. "सोमवारी रातच्याले आम्ही जेवत नव्हतो, तो तांदूळ मूठमूठ ठेवला व्हता, सीमेवरच्या शिपायाइसाठी. पोरीले पेज करून घाल."

डबा पायरीवर ठेवून ती सवयीनं मागे सरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेज उकळली. सासूबाईंनी तांदूळ कुणाचा विचारलं आणि गोमूत्राची वाटी आणली. मी म्हटलं, "शिंपडायचं तर माझ्यावर शिंपडा." मुलीनं पहिला घोट गिळला, दुसरा मागितला.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाईला म्हटलं, तुला महादेवानंच धाडलं. ती हसली. "मी तुमच्या देवाले मानत नाही वं. पोरीले भूक लागली व्हती, एवढंच."

देवाला शरण जाणं म्हणजे हात जोडून बसणं, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी मी नळापासून बाजूला झाले आणि म्हटलं, तूच भर. महादेवा, पोर वाचली, तुझे उपकार. पण इतकी वर्षं मी वरून पाणी ओतलं, त्याचा स्वतःवरचा राग अजून जात नाही.