रशियासाठी मरणाऱ्या कार्नाबाई

कार्ना वीबोर्गपायी रशियात एका सरदाराने डोक्यात गोळी घालून घेतली, असं आमच्या जिन्यावर गेली तीस वर्षं सांगतात. सांगणारी बहुतेक वेळा मीच असते, तेव्हा खोडायचा हक्कही माझाच. सरदारबिरदार कुणी नव्हता. कार्नाबाई कोपनहेगन सोडून गेल्या त्या फार तर बोटीने समोर स्वीडनच्या काठावरच्या माल्म्योपर्यंत, तेही चांगली कॉफी आणायला. रशियात कुणी मेलं असेल तर त्या स्वतः. एकतीस वेळा.

मुक्या चित्रपटांचा तो काळ. आमच्या शहरातल्या कंपन्या रशियाला चित्रपट विकायच्या, आणि तिकडच्या लोकांना गोड शेवट मुळीच चालत नसे. घरून रुमाल घेऊन आलोय तर तो कोरडा कशाला न्यायचा, असा त्यांचा हिशेब. म्हणून शेवटचा प्रसंग दोनदा काढायचा. आपल्या लोकांसाठी लग्न, त्यांच्यासाठी मरण.

कंपनीची नायिका होती लिलियान ब्रून. नोव्हेंबरात फुरेसोच्या तळ्यात उतरायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "लग्न सांगाल तितक्या वेळा करीन. पाण्यात माझी चप्पलसुद्धा जाणार नाही." कार्ना तेव्हा बावीस वर्षांची, कपडेपटात शिलाईला. उंची तेवढीच, केस तेवढेच. दिग्दर्शकाने तिला नायिकेचा झगा चढवला आणि म्हणाला, "ओल्या तोंडात कोण कुणाला ओळखतंय?" कार्ना उतरली. तिथून लिलियानबाई लग्नं करत राहिल्या आणि कार्नाबाई मरत राहिल्या.

कपडे धुण्याच्या तळघरात आमची पाळी एकाच दिवशी यायची. पिळण्याच्या यंत्राचा दांडा फिरवता फिरवता त्या बोटांवर मोजायच्या : "पाण्यात अकरा. विषाने नऊ. क्षयाने सहा. सुऱ्याने पाच."

"आणि रेल्वेखाली गेलात ते?" मी विचारायची.

"तिथे बाहुली होती. ती मी धरत नाही."

मग खोकल्याची उबळ यायची. तो खोकला तेवढा फुरेसोचा, अस्सल. बाकीच्याला पुरावा काय? ते शेवट सगळे रशियाला गेलेले. डेन्मार्कात एकाही माणसाने कार्ना वीबोर्गला पडद्यावर पाहिलेलं नव्हतं, तिच्या आईनेही नाही. पुढे झार गेला, रशियाची मागणी थांबली, आणि इकडे कार्नाबाईंचं मरण बंद झालं. त्या बायकांच्या कंबर आवळायच्या कॉर्सेटच्या दुकानात शिवायला लागल्या आणि सदतीस वर्षं शिवत राहिल्या.

आमचा कोळसेवाला लुडविगसेन त्यांना जिन्यात अडवायचा. "काय कार्नाबाई, आज कशाने मेलात?"

"तुझ्या कोळशाने, लुडविगसेन. निम्मा दगड असतो."

सगळे हसायचो. पण त्यांच्या मागे दार लागलं की मी म्हणायची, "कपडेपटातल्या बाईला टाके मोजता येतात, म्हणून मरणंही मोजते." हे मीच म्हणायची. लिहायला बसलेय तर लिहिलं पाहिजे.

चौपन्न सालच्या जानेवारीत पेपरात आलं की जुन्या चित्रपटांच्या संग्रहाला हेलसिंकीहून एक डबा मिळालाय, आणि त्यात एका डॅनिश चित्रपटाचा रशियन शेवट आहे. कार्नाबाईंनी पत्र लिहिलं. संग्रहाचे होल्मेसाहेब स्वतः भेटायला आले. चष्मा लावलेला, लाजरा, अतिशय भला माणूस. फेब्रुवारीत चित्रपट दाखवू, म्हणाले, तुम्ही पाहुण्या म्हणून या.

कार्नाबाईंनी प्रत्येक दारावर जाऊन आमंत्रण दिलं. माझ्या दारात म्हणाल्या, "सोरीन, तू पुढच्या रांगेत बस. तुला लांबचं दिसत नाही, आणि जवळचं तू पाहत नाहीस." हिरव्या टोपीला नवी फीत लावली. डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. "त्यानंतर पडणार नाही," त्यांनी सांगितलं.

आम्ही एकोणीस जण गेलो. चित्रपटात एक शिक्षिका, एक लेफ्टनंट आणि भरपूर गैरसमज. शेवटी तळं आलं. नाव आली. लिलियानबाईंनी काठावर उभं राहून छातीवर हात ठेवला. माझ्या शेजारी कार्नाबाई पुढे झुकल्या.

आणि चर्चच्या घंटा हलायला लागल्या. बुरखा, फुलं, लेफ्टनंट, लिलियानबाई हसतायत. संपलं.

दिवे लागले. होल्मेसाहेब पुढे येऊन म्हणाले, "आज आपल्यात एक वयस्कर पाहुण्या आहेत. त्यांची तब्येत बरी नाही. अशा वेळी त्यांनाच बुडताना दाखवणं मला प्रशस्त वाटेना. म्हणून शेवट आपल्याकडचा जोडला, आनंदाचा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे भलेपणाला टाळ्या वाजवतातच, तो कुणाच्या मुळावर आला हे कुणी विचारत नाही.

"पण मी त्यात नाही," कार्नाबाई म्हणाल्या.

"लग्नात असालच की," होल्मेसाहेब आर्जवाने म्हणाले. "पाहुण्यांत?"

मागून लुडविगसेन ओरडला, "कार्नाबाई, तुमचे बूट दिसले हो मला, खांबामागे!" अख्खी रांग हसली. मीही हसले.

त्यांनी हातमोजे चढवले. ट्रामने जाऊ म्हटलं तर मान हलवली आणि बर्फातून चालत घरी आल्या. चौथ्या दिवशी त्यांना रुग्णालयात नेलं. मार्चच्या नऊ तारखेला त्या गेल्या. बत्तिसावी वेळ, आणि आजूबाजूला फक्त एक परिचारिका.

ऑक्टोबरात होल्मेसाहेबांनी तो तुकडा दाखवला. या वेळी आम्ही सहा जण होतो. काळं पाणी. मग पाण्यातून एक चेहरा वर येतो, केस गालाला चिकटलेले, डोळे उघडे. आधी ती काठाकडे बघते, कुणी येतंय का म्हणून. मग बघायचं सोडते. चाळीस सेकंद. ओल्या तोंडात कोण ओळखतंय म्हणणारा दिग्दर्शक मूर्ख होता. ओळखू येण्यासारखं दुसरं काही त्यात नव्हतंच. लुडविगसेनने टोपी काढून हातात धरली ती रस्त्यावर येईपर्यंत.

कार्नाबाई रुग्णालयात असताना होल्मेसाहेब भेटायला आले होते, तेव्हा मी खाटेपाशी होते. बिचाऱ्याच्या हातात ट्युलिप होती, ती कुठे ठेवावी कळेना. म्हणाले, "बाई, माझी फार मोठी चूक झाली. तुम्ही बऱ्या व्हा. ऑक्टोबरात सभागृह मोकळं आहे, तेव्हा तुमचा शेवट नक्की दाखवतो."

कार्नाबाईंना श्वास पुरत नव्हता. थोडा जमवला आणि म्हणाल्या :

"जरा लवकर जमवा, होल्मे. या वेळी एकच शेवट काढलाय."