टेपच्या काठावरचा आवाज

मिरजेच्या त्या टेप दुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये वडिलांचा आवाज जाणार होता, म्हणून मी तो आधीच टेपवर घेतला होता. पुढे गाढवपणा करून मीच त्यावर रेडिओची गाणी भरली.

"गाणी दुसऱ्या मशीनवर भरली व्हय?" डोळे मिटून टेपवर करंगळी फिरवत त्याने विचारलं. मी मान हलवली.

"मग त्या मशीननं अर्धीच रुंदी पुसली आसंल. काठाला जुनं हाय."

त्याने टेप वाचणाऱ्या हेडचा स्क्रू केसभर फिरवून ते काठाकडे सरकवलं. गाणी विरली आणि खरखरीतून वडील खेकसले, "बंद कर रं ते."

दुरुस्तीवाल्याचा हात आपसूक बटणाकडे गेला. शेजारी बसलेले वडील आवाजाशिवाय हसत सुटले आणि त्यांनी तो हात घट्ट धरला.