तुतीचं माप

शिवणकाम सोडून मास्तरांना दोन वर्षं झाली होती. डोळ्यांनी दगा दिला. काळ्या कापडावरची काळी शिवण दिसेना, तेव्हा त्यांनी मुकाट्याने दुकान बंद केलं. गळ्यातली टेप मात्र उतरली नाही. आता ती घरामागच्या चार वाफ्यांवर फिरायची. दोन रोपांत दीड फूट म्हणजे दीड फूट, सूतभर इकडे-तिकडे नाही. आपल्या हातून अजून काहीतरी नेटकं होतं, हे मास्तरांना त्या टोमॅटोंकडे बघूनच पटायचं. दुसऱ्या कशाने पटत नव्हतं.

आणि त्यावर पाणी फिरवायला कुंपणाशी तुती उभी होती. थोरल्या बहिणीने, आक्काने, लावलेली. दुपार कलली की तिची सावली टोमॅटोंवर पसरायची. मुळं वाफ्यात घुसून खताचा फडशा पाडायची. फळं पिकली की पाखरांची झुंबड आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर जांभळे शिंतोडे. मास्तरांचा ठेवणीतला पांढरा सदरा त्यातच कामातून गेला.

"मी हिला मुळापासून काढतोय," मास्तर म्हणाले.

"आधी मला काढ," शेंगा सोलता सोलता आक्का म्हणाली. "खाली बसून चहा ढोसतोस, तेव्हा बरी चालते सावली."

"चहाला ऊन लागत नाही, आक्का. टोमॅटोला लागतं."

शेवटी तह झाला. बुंधा राहील, वाफ्यांवरच्या फांद्या जातील. मग मास्तर आठवडाभर सावलीच्या मागे लागले. दर तासाला टेप, दर तासाला खुंटी. गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं सावलीचं माप घेऊन त्यांनी पाच फांद्यांवर खडूने खुणा केल्या. लाकूडतोड्याने बरोब्बर तेवढ्याच उतरवल्या. झाडाच्या बहुतेक कच्च्या तुती त्यांच्यावरच लगडलेल्या होत्या, पण तिकडे कोण बघतो!

"बघ फिटिंग!" मास्तर म्हणाले. वाफ्यांवर संध्याकाळपर्यंत ऊन होतं.

पंधरा दिवसांत पहिले टोमॅटो लालबुंद झाले. सोळाव्या दिवशी सकाळी बघतात तर प्रत्येक लाल टोमॅटोला चोचीचं भोक. पाखरं कुंपणावर ओळीने बसलेली, आग्रहाने बोलावल्यासारखी.

आक्का बाहेर आली. आता ही आपल्याला सोलून काढणार, असं मास्तरांना वाटलं. ती वाफ्याच्या कडेला टेकली आणि एक फुटका टोमॅटो हातात घेऊन बघत राहिली.

"इतकी वर्षं ती तुतीवर जेवत होती," ती म्हणाली. "तू त्यांच्यापुढचं ताट उचललंस. जाणार कुठे बिचारी?"

"मापात चूक नव्हती," मास्तर पुटपुटले.

"नव्हतीच. सावलीचं घेतलंस, पाखरांचं राहिलं."

हिरवे टोमॅटो अजून बरेच होते. मास्तर आत गेले, शिलाई मशीनवरची चादर त्यांनी दोन वर्षांनी काढली आणि ट्रंकेतले जाळीचे जुने पडदे बाहेर ओढले.

"आक्का, जरा दोरा ओवून दे."

शिवण दिसत नव्हती, पण बोटांना कळत होती. दोन दिवसांत चार वाफ्यांना चार झाकणं तयार झाली. कडेला दुमड, कोपऱ्याकोपऱ्याला नाडी.

"भाज्यांना कपडे शिवणारा तूच रे पहिला," आक्का म्हणाली.

"ढगळ नाही ना झाले?"

"अंगाबरोबर बसलेत."

हिरवे सगळे वाचले. बादलीभर निघाले.

पुढे तुतीच्या कापलेल्या टोकांना कोंब फुटले. एका सकाळी मास्तर टेप घेऊन झाडाखाली उभे राहिले, तशी आक्का चप्पल न घालताच धावत आली.

"आता काय उतरवतोस?"

मास्तरांनी बुंध्यापासून वाफ्यापर्यंत टेप ताणली, कडेची खुंटी उपटली आणि चार हात पलीकडे ठोकली.

"पुढच्या खेपेला टोमॅटो तिकडे. इथे पालक लावू, त्याला सावली चालते."

"आणि पाखरं?"

"त्यांचं ताट त्यांना." मास्तरांनी टेप गुंडाळून गळ्यात टाकली. "फक्त त्या दोरीवर माझं पांढरं काही वाळत घालू नकोस."